कूलरचा आवाज आणि आजीची झोप

दोस्तांनो, मे महिन्यातली रात्र होती. अकरा वाजून गेले होते. मी दिवा मालवणार, एवढ्यात फोन वाजला. केजहून माझा भाचा बोलत होता.

"मामा, कॉम्प्युटर लई आवाज करायलाय. आजीला झोप येईना झालीय."

"मग बंद कर की!"

"बंद कसा करू? उद्या सकाळी लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय. दादानं कबूल केलंय."

केज म्हणजे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मांजरा नदीवरचं मोठं धरण याच तालुक्यात, धनेगावला आहे. भाच्याचा मोठा भाऊ लग्नाचं शूटिंग करतो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि तिथंच आजीची खाट. लग्नसराई आणि उन्हाळा तर नेहमी एकदमच येतात. दिवसभर शूटिंग आणि रात्री कॉम्प्युटरवर व्हिडिओची जोडणी, असं दोघा भावांचं चाललं होतं. जुन्या पंख्यावर कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा. म्हणून दोघांनी पैसे साठवून 'लिक्विड कूलर' आणला. पाण्याने थंड करणारा. खोक्यावर लिहिलं होतं, 'अतिशय शांत'.

आणि आता तो पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता! पंख्याचा वेग कमी केला, तर आजीला झोप लागायची. पण कॉम्प्युटर तापून सगळं काम वाया जायचं. वेग वाढवला, तर काम व्हायचं, पण आजी रात्रभर कुशी बदलायची. करायचं काय?

तुमच्या घरीही कॉम्प्युटर असेल, किंवा आज ना उद्या येईल. तेव्हा हा आवाज येतो कुठून, हे आपण नीट समजून घेऊ या. दुकानात गेल्यावर उपयोगी पडेल.

नखाएवढ्या जागेत मोठा दिवा

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात जी वीज जाते, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. साधा प्रोसेसर ६५ वॅट घेतो, जोरकस असेल तर १२५ वॅट आणि त्याहूनही जास्त. आपल्याकडे पूर्वी पिवळ्या उजेडाचे १०० वॅटचे दिवे असत. पेटलेल्या दिव्याला चुकून हात लागला, तर चटका बसे. आता तेवढी उष्णता त्या मोठ्या काचेच्या गोळ्याऐवजी अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीत कोंबली, तर काय होईल, विचार करा!

ही उष्णता लगेच बाहेर काढावी लागते. नाही काढली, तर साधारण ९५-१०० अंशांपर्यंत पोचल्यावर प्रोसेसर आपणहून हळू काम करू लागतो. तरीही तापला, तर स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्युटर सरळ बंद होतो. दादाचा व्हिडिओ अर्धवट राहायचा, तो यामुळेच.

उष्णता काढायचे घरगुती मार्ग दोन. पहिला, प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवायचा आणि त्यावर पंखा सोडायचा. याला म्हणतात एअर कूलर. दुसरा मार्ग पाण्याचा. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी डबी बसते. तिच्यातून एक छोटा पंप पाणी खेळवतो. हे पाणी तापतं, नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला वारा घालतात, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या नळीने परत येतं. हा झाला लिक्विड कूलर.

पाणी का? तर पाणी उष्णता वाहून नेण्यात मोठं पटाईत आहे. एक लीटर हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता एक लीटर पाण्याला लागते. १५० वॅट उष्णता आहे आणि मिनिटाला १ लीटर पाणी फिरतंय असं धरा. एका फेरीत ते पाणी जेमतेम २ अंशांनी तापतं! गणित आवडणाऱ्यांनी करून पाहावं. एक लीटर पाणी १ अंशाने तापवायला ४,१८० ज्यूल लागतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

नाव एकच, कूलर दोन

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बरेचजण इथेच फसतात.

मराठवाड्यात 'कूलर' म्हटलं, की डोळ्यांसमोर येतो खिडकीत बसवलेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, त्यावर टपटपणारं पाणी, आणि मागून गरगरणारा पंखा. बाहेर ४१ अंश असले, तरी कूलरसमोर बसलं की गारेगार वाटतं. का? तर ताट्यांवरच्या पाण्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती हवेतून ओढून घेतली जाते. माठातलं पाणी गार होतं, तेही याच कारणानं.

भाच्याला वाटलं, कॉम्प्युटरचा लिक्विड कूलरही तसाच असणार. पाणी आहे, पंखा आहे, म्हणजे गार करणारच! पण त्यातलं पाणी बंद नळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. त्याची वाफ होऊन हवा गार होत नाही. म्हणून तो आपल्या खिडकीतल्या कूलरचा भाऊ नाहीच. तो भाऊ आहे ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा! उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं नाक पाहिलंय ना? त्या जाळीमागे रेडिएटर असतो. इंजिनाची उष्णता पाण्यात, पाण्याची रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटरची पंख्याच्या वाऱ्यावर. असला रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही. हवा ४० अंशांची असेल, तर पाणी ४० च्या वरच राहणार.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन तापमापक सरांना विचारून घ्या. (ताप मोजायचा तापमापक चालणार नाही.) एक कोरडाच ठेवा. दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओली चिंधी गुंडाळा. दोन्ही टेबलफॅनसमोर दहा मिनिटं ठेवा. कोरड्या तापमापकाचा पारा आहे तिथेच राहील. ओल्याचा खाली येईल. पहिला म्हणजे कॉम्प्युटरचा लिक्विड कूलर, दुसरा म्हणजे खिडकीतला कूलर. पंखा नुसता वारा घालतो, तो हवेला गार करत नाही, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

पुण्यातले मोठे भाऊ

पाण्याने कॉम्प्युटर थंड करायची युक्ती मोठ्या यंत्रांसाठी फार पूर्वीपासून वापरतात. अमेरिकेत १९८५ साली आलेला 'क्रे-२' हा महासंगणक तर आख्खाच्या आख्खा एका खास द्रवात बुडवलेला असे. हा द्रव विजेला वाहू देत नाही, म्हणून ते शक्य झालं.

आपल्या महाराष्ट्राचं महासंगणकांशी जवळचं नातं आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये 'परम ८०००' हा भारताचा महासंगणक तयार झाला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर या संस्थेत 'परम ब्रह्म' बसवला गेला. सुरुवातीला त्याची क्षमता होती ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे एका सेकंदात ७९७ लाख कोटी आकडेमोडी! एवढं काम करणारं यंत्र तापणार किती! त्याचे प्रोसेसर थंड ठेवायला थेट त्यांच्यावरून पाणी खेळवतात. म्हणजे तत्त्व तेच, जे केजच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आहे.

पण फरकही मोठा आहे. महासंगणकाला स्वतःची खोली असते, पाणी निववायची स्वतंत्र व्यवस्था असते, आणि त्याच्या उशाशी आजी झोपलेली नसते!

४० अंशांचा हिशोब

आता भाच्याच्या खोलीत येऊ. कूलर चांगला की वाईट, हे तापमानाच्या आकड्यावरून ठरवू नये. खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी जास्त तापला, ते पाहावं. समजा, एक कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. हा कूलर २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत तपासला, तर प्रोसेसर राहील ६७ अंशांवर. सगळे म्हणतील, वा! तोच कूलर केजमध्ये मेच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत लावा. प्रोसेसर जाईल ८५ वर.

आणि मग पंखा काय करतो? कॉम्प्युटरमध्ये पंख्याला हुकूम दिलेला असतो, 'तापमान वाढलं, की पळ!' ६७ अंशांना निवांत ८००-९०० फेऱ्या घेणारा पंखा ८५ अंशांना दर मिनिटाला २,००० फेऱ्यांवर धावू लागतो. खोक्यावरचं 'अतिशय शांत' हे कदाचित खोटं नसेलही. पण ते गार खोलीतलं खरं आहे. केजच्या उन्हाळ्यातलं नाही.

पंखा ओरडतो कशानं?

मोटारीचा आवाज थोडा. जास्त आवाज असतो तो हवेचा. पंख्याची पाती हवा कापत जातात, तेव्हा पात्यांच्या मागच्या कडेला हवेचे लहान लहान भोवरे होतात. ओढ्यात काठी धरली, की मागे भोवरे फिरतात ना, तसेच. हे भोवरे म्हणजेच तो 'सूंऽऽ' आवाज.

फेऱ्या वाढल्या, की हा आवाज फार झपाट्यानं वाढतो. पंख्यांचे ठरलेले नियम आहेत. फेऱ्या निम्म्या केल्या, तर हवा निम्मी होते, वीज आठव्या हिश्श्यावर येते, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. डेसिबलचं गणित विचित्र असतं, बरं का. १० डेसिबल वाढले, म्हणजे आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. २५ डेसिबलचे दोन सारखे पंखे एकत्र लावले, तर ५० होत नाहीत, २८ होतात! कुजबुज साधारण ३० डेसिबलची असते, आपलं नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीची कमी का? कारण रात्री बाकी सगळं शांत होतं, आणि दिवसा ऐकूही न येणारा आवाज कानात घुसू लागतो.

आता रेडिएटरची गंमत पाहा. टेबलफॅनसमोर मोकळी हवा असते. कूलरच्या पंख्यासमोर मात्र दाट पट्ट्यांची भिंत असते. तिच्या फटींतून हवा ढकलायला जोर लागतो. पंख्याच्या माहितीत हा जोर 'स्टॅटिक प्रेशर' म्हणून 'मिलिमीटर पाणी' या मापात दिलेला असतो. २ मिलिमीटर पाणी म्हणजे ताटलीत २ मिलिमीटर पाणी ओतलं, तर तळावर जेवढा दाब पडेल तेवढा. अगदी कमी वाटतो, पण रेडिएटरला तो लागतोच.

काही पंख्यांची पाती अरुंद, आणि पात्यांमध्ये मोठ्या फटी असतात. मोकळ्यावर ते भरपूर हवा फेकतात. रेडिएटरवर लावले, की त्यांची दमछाक होते. हवा फटींतून मागेच परत येते. काम होत नाही, म्हणून तापमान चढतं, म्हणून फेऱ्या वाढतात, म्हणून आवाज वाढतो. रेडिएटरसाठी पाती रुंद, एकमेकांना जवळजवळ खेटलेली, आणि चौकटीपर्यंत पोचलेली हवीत. खोक्यावरचे डेसिबल बहुधा पंख्यासमोर काहीच नसताना मोजलेले असतात, हेही विसरू नका.

पात्यांची संख्याही महत्त्वाची. पंख्याची मोटार चौकटीला बहुतेक चार काड्यांनी जोडलेली असते. पाती आठ असली, तर चार पाती एकाच क्षणी चार काड्यांवरून जातात. लेझीम खेळताना सगळ्यांनी एकदम ठोका दिला, की कसा दणका होतो! तसं होतं. पाती सात किंवा नऊ असली, तर ती एकेक करून काडीवरून जातात आणि आवाज विखुरतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या पंख्याची पाती मोजून पाहा. (पंखा बंद असताना!)

मूक उडण्यात पहिला नंबर कुणाचा, सांगा? घुबडाचा! गव्हाणी घुबड रात्री उंदरावर झडप घालतं, तेव्हा पंखांचा आवाज जवळजवळ होतच नाही. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते. त्यामुळे मोठे भोवरे होत नाहीत. पंखे बनवणारे हे घुबडाकडून शिकतात. शांत पंख्यांसाठी नावाजलेल्या, २००५ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रियाच्या 'नॉक्टुआ' कंपनीचं चिन्हच घुबड आहे. 'अथेनी नॉक्टुआ' हे युरोपातल्या एका लहान घुबडाचं शास्त्रीय नाव. आपल्याकडे झाडाच्या ढोलीत दिसणारा पिंगळा त्याचा चुलतभाऊ, 'अथेनी ब्रामा'.

आजीचं निदान

फोनवर मी भाच्याला म्हटलं, "जरा पंख्याजवळ फोन धर." सूंऽऽ आवाज येत होताच, पण त्याच्यात आणखी एक बारीक खरखर होती. तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "आरं, बुश गेलाय त्येचा! आपल्या टेबलफॅनचं तसंच झालं हुतं."

आजींचं बरोबर होतं. पंख्याचा दांडा ज्या गोल नळीत फिरतो, तिला बुश म्हणतात. स्वस्त पंख्यांमध्ये साधा बुश आणि थोडं तेल असतं. नवा असताना हा पंखा छान शांत चालतो. पण उष्णतेने तेल सुकत जातं. पंखा आडवा, छताकडे तोंड करून बसवला, तर बुश आणखी लवकर झिजतो. दांड्याला जागा मिळाली, की तो डगमगतो आणि खरखर सुरू होते. लिक्विड कूलरचा रेडिएटर पुष्कळदा कॅबिनेटच्या छतालाच लावतात. म्हणजे पंखे आडवे, आणि वर रेडिएटरची ऊब! स्वस्त बुशला याहून वाईट जागा मिळायची नाही.

बॉल बेअरिंगचे पंखे उष्णता चांगली सोसतात आणि जास्त टिकतात, पण त्यांचा सुरुवातीपासूनच किंचित आवाज असतो. तिसरा प्रकार 'फ्लुइड बेअरिंग'चा. यात दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो शांतही असतो आणि टिकतोही. अर्थात थोडा महाग पडतो.

भाच्याची आणखी एक तक्रार होती. "मामा, आवाज मधीच वाढतो, मधीच कमी होतो. घुंव... घुंव... असा." हेही सोपं आहे. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २०. सात पाती, म्हणून सेकंदाला १४० ठोके. शेजारचा पंखा १,२३० फेऱ्यांवर असेल, तर त्याचे होतात साडेत्रेचाळीस अधिक शंभर, म्हणजे १४३.५. दोन स्वर जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नाहीत! अशा वेळी ते कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना दाबतात. फरक साडेतीनचा, म्हणून सेकंदाला साडेतीन वेळा 'घुंव' होतं. तंबोरा लावताना दोन तारा पुरत्या जुळल्या नसल्या, की अशीच लहर ऐकू येते.

पाण्याची खळखळ

लिक्विड कूलरमध्ये आवाज करणारा आणखी एकजण असतो, तो म्हणजे पंप. साध्या एअर कूलरला पंपच नसतो, त्यामुळे तो आवाजही नसतो! पंपाची बारीक शिट्टीसारखी 'ईंऽऽ' पंखे हळू असताना जास्त जाणवते.

मधूनच खळखळ ऐकू आली, तर समजावं की पंपात हवेचे बुडबुडे शिरलेत. कूलरमध्ये थोडी हवा असतेच. वर्षांमागून वर्षं नळ्यांतून थोडं थोडं पाणी बाहेर झिरपून उडून जातं, आणि ती हवा वाढते. हवा नेहमी सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. मग हवा वर निमूट बसून राहते. रेडिएटर खाली आणि पंप वर असं झालं, तर हवा पंपात येते. पंप खळखळतो, आणि लवकर खराबही होतो.

पैसे जातात कुठे?

आता तुम्ही म्हणाल, कंपन्या चांगले पंखे का लावत नाहीत? हिशोब करा. एअर कूलरमध्ये पैसे दोनच गोष्टींवर खर्च होतात, धातूचा ठोकळा आणि पंखा. लिक्विड कूलरमध्ये पंप हवा, नळ्या हव्यात, रेडिएटर हवा, तांब्याची डबी हवी. वर रंगीबेरंगी दिवे हवेत, कारण दुकानात नजर तिकडेच जाते. कूलर स्वस्तात विकायचा, तर कात्री कुठे लागणार? जे दिसत नाही तिथे, म्हणजे पंख्याच्या बुशला! पाणी उष्णता फक्त इकडून तिकडे नेतं. ती हवेत सोडायचं खरं काम शेवटी पंखाच करतो. त्यालाच दुबळा ठेवला, तर पाण्याचा उपयोग काय?

म्हणूनच, पैसे मोजके असतील, तर स्वस्त लिक्विड कूलरपेक्षा त्याच किमतीचा किंवा त्याहून कमी किमतीचा चांगला एअर कूलर पुष्कळदा जास्त शांत आणि जास्त टिकाऊ ठरतो.

मग भाच्याने काय केलं?

घेतलेला कूलर फेकून तर द्यायचा नव्हता. आम्ही फोनवर एकेक उपाय ठरवला. तुम्हालाही ते करता येतील. मात्र कॅबिनेट उघडण्याआधी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढायचा, आणि घरातलं मोठं माणूस सोबत हवं.

१. वर्तमानपत्राची लांब नळी करून एक टोक कानाला लावलं, दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून वेगवेगळ्या जागी धरलं. खरखर कुठल्या पंख्याची, ते कळलं. (फिरत्या पंख्यात बोट, पेन, काहीही घालू नका!)

२. रेडिएटरच्या फटींतली धूळ मऊ ब्रशने काढली. तिथे चांगली गोधडीच झाली होती! भिंतीला टेकलेलं कॅबिनेट वीतभर पुढे ओढलं.

३. कॉम्प्युटर सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबलं, की बायोस उघडतं. तिथे पंख्याला दिलेला हुकूम बदलता येतो. पाणी तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून प्रोसेसर क्षणभर तापला, की लगेच पंख्याने उसळी घ्यायची काही गरज नसते. भाच्याने थोडा उशीर ठेवला आणि वेग २,००० ऐवजी १,४०० वर रोखला. नियमाने हवा ३० टक्के कमी झाली, पण आवाज जवळजवळ ८ डेसिबलनं उतरला. तापमान काही अंश चढलं, पण धोक्याच्या खाली राहिलं.

४. दोन्ही पंखे बदलले. रुंद पात्यांचे, फ्लुइड बेअरिंगचे, साधे काळे, दिवे नसलेले. महिनाभराच्या साठवलेल्या पैशांत बसले.

पाचवा उपाय मात्र दादाला सुचला, आणि मला वाटतं, तोच सगळ्यांत हुशारीचा. जड काम आता तो रात्री अकराला लावत नाही. पहाटे चारला उठतो आणि तेव्हा लावतो. तेव्हा खोली दुपारपेक्षा कितीतरी गार असते. खोली जेवढ्या अंशांनी गार, प्रोसेसर साधारण तेवढ्याच अंशांनी गार! पंखा आपोआप हळू चालतो, आणि तोवर आजीची झोपही झालेली असते. या उपायाला एक पैसाही लागला नाही.

परवा मी पुन्हा फोन केला. आजीनेच उचलला.

"काय आजी, आता झोप लागते ना?"

"लागतीय की. पर आता दुसरंच झालंय. पंखा गप झाल्यापासून ह्या दोघांचं घोरणं ऐकू यायलंय!"

त्यावर मात्र अजून कुणी बुश बसवलेला नाही, दोस्तांनो!

तुमच्या घरच्या पंख्याची पाती किती निघाली? ओल्या आणि कोरड्या तापमापकात किती अंशांचा फरक पडला? प्रयोग करा, वहीत नोंदवा, आणि आम्हाला जरूर कळवा.